जर्मन शिरस्त्राणांचा संग्रह : आरंभ कसा करावा?

छंद म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, फार तर काड्यापेट्यांवरील चित्रे येतात. कापसाच्या आणि सागवानाच्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी ‘मला जुनी जर्मन लष्करी शिरस्त्राणे जमवायची आहेत’ असे म्हटले, तर ऐकणारा आधी हसेल आणि मग विचारील, ‘अरे, त्याचा आपल्याशी काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्याशिवाय या छंदाविषयी काही सांगणे योग्य होणार नाही. म्हणून आधी संबंध सांगतो आणि मग मार्ग सांगतो.

पहिल्या महायुद्धाला तोंड लागल्यावर सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी सैन्य फ्रान्समध्ये मार्से बंदरात उतरले. त्यात आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव शापेल या गावातील लढाईत त्या जर्मनांशी हातघाईवर आल्या. त्या वेळी जर्मन शिपायाच्या डोक्यावर टोकदार अणीचा चामडी टोप होता आणि आपल्या जवानांच्या डोक्यावर पागोटे. पोलादी शिरस्त्राण तेव्हा दोघांकडेही नव्हते. पुढे दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने जर्मन मशीनगनचे ठाणे जिंकले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना वाचवून शत्रूची ठाणी बंद पाडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या मराठी माणसांनी समोर जे पाहिले, ते हेच जर्मन शिरस्त्राण. संबंध आहे तो असा.

आता ओळखीकडे वळू. नवशिक्याने तीन घराणी ध्यानात ठेवली की पुरे.

पहिले घराणे ‘पिकेलहाउबे’ या अणीदार टोपाचे. प्रशियाच्या राजाने १८४२ मध्ये तो सैन्याला दिला. हा टोप उकळून कडक केलेल्या चामड्याचा असे. कपाळावर धातूचे मोठे चिन्ह असे आणि प्रत्येक जर्मन राज्याचे चिन्ह वेगळे. प्रशियाचा गरुड सर्वांत अधिक आढळतो. तोफखान्याच्या टोपावर अणीऐवजी गोळा असे. १९१५ मध्ये पितळेची टंचाई झाली, तेव्हा हे भाग करड्या रंगाच्या पोलादाचे होऊ लागले आणि अणी काढता येईल अशी व्यवस्था झाली. नुसत्या एका टोपावरून एका देशाची युद्धकाळातील ओढाताण वाचता येते ती अशी.

दुसरे घराणे १९१६ च्या पोलादी शिरस्त्राणाचे. खंदकांच्या लढाईत तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी डोक्याला जखमा होऊन माणसे मरू लागली, तेव्हा फ्रान्स आणि इंग्लंड यांनी १९१५ मध्ये पोलादी टोप काढले. जर्मनीने हानोव्हरच्या तंत्रविद्यालयातील फ्रीड्रिख श्वेर्ड यांच्याकडून आराखडा करवून घेतला व १९१६ मध्ये व्हर्दूनच्या आघाडीवर हे नवे शिरस्त्राण सैनिकांना दिले. कान आणि मान झाकणारा त्याचा घेर लगेच ओळखू येतो. दोन्ही बाजूंना शिंगांसारखे दोन खुंट दिसतात. त्यांतून हवा आत जाई आणि त्यांवर कपाळासाठी जाड पोलादी पत्रा अडकवता येई.

तिसरे घराणे दुसऱ्या महायुद्धाचे. त्यात तीन पिढ्या आहेत. १९३५ चे शिरस्त्राण लहान आणि सुबक, कड आत वळवलेली, हवेच्या छिद्रांना वेगळी कडी बसवलेली. १९४० च्या नमुन्यात ती कडी गेली आणि छिद्र पत्र्यातच ठोकून उठवलेले आले. १९४२ मध्ये कड वळवण्याचे कामही सोडून दिले, म्हणून त्याची कड धारदार व बाहेर फाकलेली दिसते. युद्ध जसे लांबले तशी मजुरी वाचवावी लागली. बोट कडेवरून फिरवले की युद्धाच्या आरंभीचे शिरस्त्राण की शेवटचे, हे अंधारातही सांगता येते.

घराणे कळले की तपासणी करावी. शिरस्त्राण उलटे धरावे. आत बहुधा डाव्या कानाजवळ अक्षरे आणि अंक ठोकलेले असतात. ‘ईटी’ म्हणजे थाले येथील कारखाना, ‘क्यू’ म्हणजे एस्लिंगनचा क्विस्ट, ‘ईएफ’ म्हणजे फुल्डा. पुढचा ६२, ६४, ६६ असा अंक टोपाचे माप सांगतो. मागच्या बाजूस घाण्याचा, म्हणजे एकाच खेपेत तयार झालेल्या मालाचा, क्रमांक असतो. आतील अस्तर आठ चामडी पाकळ्यांचे असून दोरीने आवळता येते. बाहेर तीन रिव्हेटा दिसतात. सैन्याच्या शिरस्त्राणावर डाव्या बाजूला गरुडाचे चित्र आणि आरंभी उजव्या बाजूला काळ्या-पांढऱ्या-लाल पट्ट्यांची ढाल असे. ही ढाल काढून टाकण्याचा हुकूम १९४० मध्ये झाला आणि १९४३ मध्ये गरुडही बंद झाला. तेव्हा १९४२ च्या नमुन्यावर टवटवीत तिरंगी ढाल दिसली तर संशय घ्यावा.

संशय ही या छंदातील पहिली पुंजी. खोट्या मालाचा येथे सुकाळ आहे. खरा टोप जुना असतो आणि त्यावर चित्र मात्र काल चिकटवलेले असते. विशेषतः हिटलरच्या एस.एस. दलाच्या खुणांना किंमत अधिक, म्हणून नकलाही त्यांच्याच अधिक. कधी दुसऱ्याच देशाचा टोप जर्मन म्हणून विकला जातो. हंगेरीचा १९३८ चा टोप दिसायला अगदी तसाच असतो, परंतु त्याच्या पाठीमागे एक लहान पट्टीची अडकवणी असते. माझा नियम साधा आहे. विक्रेता वस्तूपेक्षा गोष्ट अधिक सांगू लागला, की मी वस्तू उलटी करून आतले अंक वाचू लागतो.

येथे वाचक म्हणेल, ‘हे सर्व ठीक, पण यवतमाळात बसून आरंभ करायचा कसा?’ माझे उत्तर असे की पहिले वर्ष पैसा खर्चच करू नये. पहिल्या वर्षी फक्त डोळा तयार करावा. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो, ते १८६३ पासून आहे आणि तेथे शस्त्रांचे दालन आहे. अहिल्यानगर येथे १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय असून दोन्ही महायुद्धांच्या काळातील परदेशी वाहने तेथे हात लावण्याइतक्या अंतरावरून पाहता येतात. पुण्यात दिनकर केळकर संग्रहालय आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी राजा या आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिवे, अडकित्ते, वाद्ये, शस्त्रे अशा वीस हजारांवर वस्तू जमवल्या व पुढे सारे शासनाच्या स्वाधीन केले. एका माणसाच्या चिकाटीतून काय उभे राहते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरे काम आपल्याच जिल्ह्यात. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख हिंदी जवान भरती झाले होते. त्याच काळात आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपवासाच्या वेळी त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे एका घरचा मुलगा पलटणीत तर शेजारच्या घरचा तुरुंगात, असा तो काळ होता. त्यामुळे सैन्यातून परतलेल्या माणसाच्या वस्तूंना पुष्कळदा कौतुकाची जागा मिळाली नाही. ट्रंकेच्या तळाशी पदके, पगाराचे पुस्तक, एखादे छायाचित्र पडून असते. कुठे इंग्रजी घडणीचा पसरट पोलादी टोप गोठ्यात भांडे म्हणून वापरला जातो. माळा साफ करताना हे सारे किलोच्या भावाने भंगारात जाते. जर्मन टोप हाती येण्याआधी या वस्तू पाहाव्यात आणि त्यांची नोंद करावी. मालकाकडून त्या मागू नयेत. आजोबांच्या पदकाचे मोल घरच्यांना कळले, तर ते घरातच अधिक सुरक्षित राहते.

नोंदवही हा संग्रहाचा प्राण आहे. वस्तू कोठे, कोणाकडे, कोणत्या तारखेला पाहिली, वजन, माप, ठोकलेली अक्षरे हे एका बाजूला लिहावे. ‘आमच्या काकांनी इटलीतून आणले’ अशी जी हकिकत सांगितली जाते, ती दुसऱ्या बाजूला लिहावी. पाहिलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ कधीही करू नये. नोंद नसलेला टोप म्हणजे एक किलो लोखंड, याहून अधिक काही नाही.

विकत घेण्याची वेळ आली की मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार येथे फिरावे, परंतु कायदा जाणून फिरावे. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. पहिल्या महायुद्धातील टोपांनी ही शंभरी आता ओलांडली आहे. शिरस्त्राण हे हत्यार नव्हे, पण त्याबरोबर कोणी संगीन, पिस्तूल, काडतुसे देऊ लागला तर १९५९ चा शस्त्र कायदा आठवावा आणि हात आखडता घ्यावा.

घरी आणलेला टोप घासू नये. पॉलिश, पॉलिशपेपर, रंग यांपैकी काहीही लावू नये. त्याचा फिकट रंग हाच त्याचा जन्मदाखला आहे. आपल्याकडील उन्हाळ्यात चामडे तडकते आणि पावसाळ्यात पोलादाला गंज व अस्तराला बुरशी धरते. म्हणून उन्हापासून व ओलाव्यापासून दूर, स्वच्छ सुती कापडात, लाकडी ठोकळ्यावर टेकवून ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. अस्तराला धरून उचलू नये.

शेवटी जे सांगायचे ते सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगातही हिटलरचे आत्मचरित्र सहज दिसते आणि ‘शिस्तीचा माणूस’ म्हणून त्याचे कौतुक करणारे तरुण भेटतात. अशा मित्राच्या हाती हा टोप पडला, तर तो स्नेहसंमेलनात घालून मिरवील. त्या गरुडाच्या पायांतील चिन्ह आपल्या उंबरठ्यावरचे स्वस्तिक नव्हे. जर्मन त्याला ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे आकड्यांचा क्रूस, म्हणत. त्या चिन्हाखाली साठ लाख ज्यूंची हत्या झाली. आजच्या जर्मनीत ते चिन्ह मिरवणे गुन्हा आहे, मात्र शिक्षण आणि संशोधनासाठी ते दाखवता येते. संग्राहकानेही हीच मर्यादा पाळावी. टोप डोक्यावर घालू नये, टेबलावर ठेवून वाचावा.

तो वाचायला शिकलो की दोन माणसे दिसतात. एक ते घालून खंदकात बसलेला, अठरा-वीस वर्षांचा, हुकमाचा ताबेदार. दुसरा समोरून येणारा, सह्याद्रीतल्या एखाद्या खेड्यातला, परक्या राज्याच्या पगारावर लढणारा. दोघांच्याही घरी कोणीतरी वाट पाहत होते. विद्यार्थी मित्रहो, एवढे ज्याला दिसेल त्याने हा छंद अवश्य धरावा. त्यासाठी पहिली खरेदी दोनशे पानी वहीची करावी. जर्मन टोप सावकाश मिळेल, न मिळाला तरी चालेल. आपल्या गावच्या माळ्यावरची ट्रंक मात्र पुढच्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंतच थांबणार आहे.