आज्ञा देण्यापूर्वी

खजरान्याच्या गणपतीच्या दर्शनाला जाताना आपण बाहेर पादत्राणे ठेवून बिल्ला घेतो. परतताना तो दाखविला की शेकडो जोडांतून आपलाच जोड हाती येतो. संगणकाच्या जगातील फाइल-सर्व्हरचे कार्य असेच आहे. सर्वांच्या फाइली एका यंत्रात जपून ठेवावयाच्या आणि जाळ्याने जोडलेल्या यंत्रांनी मागताच, मागणाराचा अधिकार पाहून, त्या द्यावयाच्या.

या भांडाराचा कारभारी पुष्कळदा पडद्यावरील चित्रांकडे न वळता कळफलकावर आज्ञाच टंकतो. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीने ही रीत दृढ केली. एका ओळीच्या आज्ञेने शंभर फाइलींचे काम क्षणात होते. परंतु यंत्र आज्ञाधारक असते, समंजस नसते.

याचा प्रत्यय मला एका कचेरीत आला. तेथे ‘निकाल’ आणि ‘निकाल जुने’ असे दोन कप्पे होते. जुना कप्पा पुसताना कारकुनाने त्याचे नाव अवतरणचिन्हांत घातले नाही. मधल्या रिकाम्या जागेमुळे यंत्राला ती दोन नावे वाटली. त्याने ‘निकाल’ तत्काळ पुसला आणि ‘जुने’ नावाचे काहीच नाही, असे उत्तर दिले. राखावयाचे ते गेले, टाकावयाचे ते राहिले! सुदैवाने कागदी प्रती होत्या. आठ दिवस बसून आम्ही गुण पुन्हा भरले.

दोष एकट्या कारकुनाचा नव्हे, साधन रचणाराचाही होता. उत्तम साधनात आज्ञांची नावे सरळ असावीत. पाहण्याची मुभा अनेकांना, पण पुसण्याचा अधिकार मोजक्यांनाच असावा. काय पुसले जाणार त्याची यादी दाखवून होकार घ्यावा. आणि कोणी, केव्हा, काय केले याची नोंद राहावी.

ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी विद्यार्थिदशेत, १९९१-९२ च्या सुमारास, निरनिराळ्या प्रणालींच्या यंत्रांना फाइली वाटून घेता याव्यात म्हणून जे साधन आरंभिले, तेच पुढे ‘सांबा’ झाले. हे नावही त्यांनी एका आज्ञेने शब्दकोश धुंडाळून काढले! १९९६ मध्ये पॉल मॅकेरस यांच्यासह त्यांनी रचलेल्या ‘आरसिंक’ या साधनात तर रंगीत तालमीचीच सोय आहे: काय घडेल ते सारे दिसते, प्रत्यक्षात काहीच बदलत नाही.

स्नेहसंमेलनापूर्वी आपण तालीम करतो. अपरिवर्तनीय आज्ञेपूर्वी ती अधिकच अवश्य आहे.