लंडनचे वार्तापत्र : ग्राहकाला न विचारता

ब्रिटनमध्ये घरोघरी इंटरनेट पोचवणारी सर्वांत मोठी कंपनी बीटी, म्हणजे पूर्वीची सरकारी ब्रिटिश टेलिकॉम. २००६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिने सुमारे १८ हजार ग्राहकांवर एक चाचणी घेतली. ग्राहक कोणती पाने उघडतात ते वाटेतच पाहायचे, त्यावरून त्यांची आवड ताडायची आणि तशा जाहिराती दाखवायच्या, असा बेत होता. तंत्र 'फॉर्म' या कंपनीचे होते. त्याआधी '१२१मीडिया' या नावाने तिने लोकांच्या संगणकांत जाहिराती दाखवणारी सॉफ्टवेअर बसवण्याचा धंदा केला होता. ग्राहकांना कोणी विचारले नाही. २००७ च्या उन्हाळ्यात याहून मोठी चाचणी झाली, तीही गुपचूप. एका ग्राहकाच्या मात्र लक्षात आले, की आपला ब्राउझर मध्येच भलत्याच पत्त्याशी बोलतो आहे. त्याने तक्रार केली, तेव्हा संगणकात व्हायरस असेल, असे उत्तर मिळाले.

केंब्रिज विद्यापीठातील संगणकतज्ज्ञ रिचर्ड क्लेटन यांनी २००८ मध्ये या यंत्रणेचे तपशीलवार वर्णन लिहिले. ग्राहकाने एखादे संकेतस्थळ उघडायला घेतले, की पुरवठादाराच्या केंद्रातले यंत्र ती मागणी अडवून तीनदा इकडून तिकडे फिरवी. या फेऱ्यांत ब्राउझरमध्ये एक क्रमांक ठेवला जाई, आणि तोही त्या संकेतस्थळानेच ठेवल्याचे भासवून. मग पान आले की त्याची प्रत काढून वारंवार येणारे दहा शब्द निवडले जात आणि जाहिरातींच्या गटांशी ताडून पाहिले जात. लांबलचक आकडे व ईमेल पत्ते वगळले जातात, नाव-गाव कुठे साठवले जात नाही, असा कंपनीचा खुलासा होता. तो खरा धरला तरी पान वाचले जाई, ही गोष्ट उरतेच.

या देशाच्या कायद्यात टपाल आणि दूरसंचार यांना एकच माप आहे. २००० च्या तपास-अधिकार कायद्याच्या पहिल्याच कलमात पोस्टातले पत्र आणि तारेवरचा संदेश वाटेत अडवून पाहणे हा एकच गुन्हा सांगितला होता. पोस्टमनने पाकीट फोडून वाचले आणि पुन्हा चिकटवून दिले, तर तो सुटत नाही; मग इंटरनेट कंपनी कशी सुटावी, हा टीकाकारांचा सवाल होता. शिवाय संमती दोन्ही टोकांची हवी : वाचणाऱ्याची आणि ज्याचे पान वाचले जाते त्याचीही. म्हणूनच २००९ मध्ये ॲमेझॉन आणि विकिपीडिया चालवणारी संस्था यांनी आपली संकेतस्थळे या यंत्रणेतून वगळायला लावली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी तर, पुरवठादाराने अशी पाळत ठेवली तर आपण तो बदलू, असे उघड सांगितले होते.

एवढे होऊनही शिक्षा कोणालाच झाली नाही. लंडन शहर पोलिसांनी गुन्हेगारी हेतू दिसत नाही म्हणून २००८ मध्ये तपास थांबवला, आणि २०११ मध्ये सरकारी अभियोग खात्याने खटला न भरण्याचे ठरवले. हा या प्रकरणातला सर्वांत लाजिरवाणा भाग होय. हलवून जागे केले ते बाहेरून, युरोपीय आयोगाने. त्याने २००९ मध्ये ब्रिटनविरुद्ध कारवाई सुरू केली आणि पुढच्या वर्षी प्रकरण युरोपीय न्यायालयाकडे धाडले. ग्राहकाची संमती असेल असे वाटण्यास जागा होती, ही पळवाट २०११ मध्ये कायद्यातून गेली आणि ५० हजार पौंडांपर्यंत दंडाची तरतूद आली. बीटीने २००९ मध्येच योजना गुंडाळली होती. २०१६ मध्ये 'फॉर्म'चाही कारभार बंद पडला.

आता बहुतेक संकेतस्थळे कूटबद्ध आहेत, त्यामुळे पानातला मजकूर पुरवठादाराला दिसत नाही. संकेतस्थळाचे नाव मात्र सहसा दिसते, आणि कर्ज, आजार, नोकरी यांची चाहूल लागायला तेवढे पुरते. ते नावही झाकण्याची सोय फायरफॉक्सने आणायचे ठरवले, तेव्हा २०१९ मध्ये ब्रिटनमधील पुरवठादारांच्या संघटनेने त्याच्या निर्मात्यांचे नाव वर्षाच्या 'खलनायका'च्या यादीत घातले. बोंबाबोंब झाल्यावर ते मागे घेतले. व्यापारी पाळतीला चाप लावणाऱ्या याच देशाने २०१६ च्या कायद्याने, ग्राहक कोणत्या इंटरनेट सेवांशी जोडला गेला याची नोंद बारा महिन्यांपर्यंत ठेवायला लावण्याचा अधिकार सरकारला दिला, हेही नमूद केले पाहिजे.

साताऱ्या-सांगलीच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. २०१५ मध्ये बंगळूरच्या एका प्रोग्रामरला एअरटेलच्या थ्रीजीवरून आलेल्या पानांत परका कोड मिसळलेला आढळला. डेटाचा वापर मोजण्यासाठी तो होता, असा कंपनीचा खुलासा होता. ज्या कंपनीचे ते तंत्र होते तिने मात्र उलट त्या प्रोग्रामरलाच कायदेशीर नोटीस धाडली. भारतात परवान्याच्या अटींनुसार पुरवठादाराला इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षे ठेवाव्या लागतात. २०२१ पर्यंत ही मुदत एक वर्ष होती. कराड, मिरज, विटा, फलटण अशा गावांत केबल टीव्हीवालेच आता फायबर देतात. बिल, दुरुस्ती, पासवर्ड सगळे त्यांच्याकडेच, आणि ओळखीच्या माणसाला, आमचे काय काय नोंदवता, असे विचारायला जीभ रेटत नाही.

विचारण्याचा अधिकार मात्र कायद्याने दिला आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती स्पष्ट आणि ठरावीक कामापुरती घ्यावी लागते, आणि दिली तितक्याच सहजपणे ती परत घेता आली पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून संमतीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. संमतीची मागणी इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला मिळाला पाहिजे, असेही हा कायदा सांगतो. त्या अनुसूचीत मराठी आहे. जोडणीच्या अर्जावर सही करण्याआधी तो मजकूर मराठीत मागून घ्यावा.