द्राक्षमद्याची पारख

त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक व पैठण हीं क्षेत्रें मागें टाकून परभणी जिल्ह्यांत येते आणि जनाबाईंच्या गंगाखेडावरून पुढें नांदेडकडे वाहत जाते. नदी एकच; परंतु तिच्या कांठचीं पिकें एक नाहींत. खालच्या अंगाला, परभणीच्या काळ्या कसदार जमिनींत, ज्वारी, कापूस आणि अलीकडे सोयाबीन. वरच्या अंगाला, नाशिकच्या परिसरांत, द्राक्षांचे मांडव. परभणीहून मनमाडमार्गें जाणारी आगगाडी प्रवाशाला दिवसाउजेडीं एका देखाव्यांतून दुसऱ्या देखाव्यांत नेऊन पोंचविते.

या वरच्या अंगाला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत द्राक्षांपासून वाइन करण्याचा व्यवसाय वाढला. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस राहणारीं मराठवाड्यांतील तरुण मंडळी सुटींत तेथील बागा व कारखाने पाहून येतात, चाखून येतात आणि घरीं येऊन त्याचें वर्णन करितात. वडीलधाऱ्यांच्या मनांत त्यामुळें कुतूहल आणि शंका दोन्हीं उत्पन्न होतात. पिणें न पिणें हा ज्याच्या त्याच्या आचाराचा प्रश्न आहे. परंतु ही वस्तु होते कशी, तिची पारख कशी करितात आणि तिच्यापासून शेतकऱ्याच्या पदरीं काय पडतें, हें जाणून घेण्यास कोणाच्याहि आचाराची आडकाठी नसावी.

द्राक्ष आंबवून त्याचा रस टिकविण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाहीं. वैद्याकडून आणलेल्या द्राक्षासवाची बाटली कित्येक घरांच्या फडताळांत असते. मनुकांच्या काढ्यांत गूळ किंवा साखर व धायटीचीं फुलें घालून तो आंबवितात. त्यांतील थोडा मद्यार्क बाहेरून घातलेला नसून आंतच उत्पन्न झालेला असतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकांत गोदाकांठच्या पैठणचा उल्लेख आहे. पैठणहून अकीक भडोच बंदरास जात असे; आणि त्याच बंदरीं परदेशांतून येणाऱ्या मालांत इटलींतील द्राक्षमद्य होतें, असें तो लेखक नमूद करितो.

वाइनची मूळ क्रिया साधी आहे. पिकलेल्या द्राक्षाच्या रसांत साखर असते. यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव ती साखर खाऊन तिचे मद्यार्क आणि कर्बाम्लवायु असे दोन भाग करितात. एक लिटर रसांत सुमारें १७ ग्रॅम साखर असली म्हणजे तिच्यापासून शेंकडा एक या प्रमाणांत मद्यार्क होतो. म्हणून लिटरमागें २२० ग्रॅम साखर असलेल्या रसाची वाइन शेंकडा १२-१३ मद्यार्काची होते. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८६६ सालीं वाइनवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि वाइन बिघडते ती दैवयोगानें नव्हे, तर नको त्या सूक्ष्म जंतूंमुळें, हें दाखवून दिलें. आजच्या कारखान्यांतील सारी स्वच्छता, पोलादी टाक्या आणि त्यांभोंवतीं खेळविलेला गारवा यांचें मूळ त्या शोधांत आहे.

पांढरी व तांबडी असा भेद होतो तो मुख्यतः सालीमुळें. बहुतेक द्राक्षांचा गर फिकाच असतो. रंग सालींत असतो. द्राक्षें दाबून नुसता रस आंबविला कीं पांढरी वाइन होते. काळीं द्राक्षें सालीसकट आंबविलीं कीं रंग आणि तुरटपणा रसांत उतरून तांबडी वाइन होते. फेसाळ वाइनमध्यें आंबण्याची दुसरी क्रिया बंद बाटलींत घडवून आणितात. निसटूं न शकलेला कर्बाम्लवायु रसांतच मुरतो. कांहीं तांबड्या वाइन ओकच्या पिंपांत महिनोन् महिने ठेवितात; फ्रान्समधील बोर्दो प्रांताच्या धर्तीचें पिंप २२५ लिटरचें असतें.

परंतु दख्खनमधील द्राक्षवेलीचा स्वभाव युरोपांतील वेलीहून निराळा आहे. तिकडे हिवाळ्यांत वेल पानें टाकून निजते, वसंतांत जागी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत द्राक्षें उतरतात. इकडे तिला झोंप अशी लागतच नाहीं. चौदाव्या शतकांत दौलताबादेस आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशानें तेथील द्राक्षांना वर्षांतून दोनदां बहार येतो, असें लिहून ठेविलें आहे. पावसाळ्यांतील फळ रोगानें जातें, म्हणून आपले बागाईतदार वेलीची दोनदां छाटणी करितात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तिनें नव्या काड्या तयार होतात. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरांत फळछाटणी. तिनें घड येतात. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते. युरोपांतील बागा उघड्या-बोडक्या उभ्या असतात, त्याच दिवसांत नाशिककडील मजूर पहाटेच्या थंडींत घड तोडीत असतात.

खाण्याचें द्राक्ष तें वाइनचें द्राक्ष नव्हे. बाजारांतील थॉमसन सीडलेस किंवा तासगांवकडील तास-ए-गणेश हें मोठें, पातळ सालीचें व बिनबियांचें. वाइनसाठीं लावलेलें शिराझ, कॅबर्ने सोविन्यों, शेनँ ब्लाँ किंवा सोविन्यों ब्लाँ हें लहान मण्यांचें, बियांचें. काळ्या जातींची साल तर चांगलीच जाड. खाण्याच्या बागेंत मणी फुगावा म्हणून खटपट. वाइनच्या बागेंत तो फुगूं नये म्हणून. घड विरळ ठेवून उत्पन्न मुद्दाम आवरावें लागतें, कारण वेलीवर भार वाढला कीं रस पांचट होतो. दुष्काळ आणि खारें पाणी सोसावें म्हणून डॉगरिजसारख्या काटक जातीच्या खुंटावर या वेलींचें कलम करितात.

महाराष्ट्रांत या धंद्याची आधुनिक सुरुवात १९८० नंतरच्या दशकांत जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव येथें झाली. श्यामराव चौगुले यांनीं फ्रान्समधील शँपेन प्रांतांतील तज्ज्ञांचें साहाय्य घेऊन तेथें फेसाळ वाइन सिद्ध केली. ती ‘ओमर खय्याम’ या नांवानें परदेशांतहि विकली गेली. दुसरें नांव राजीव सामंत यांचें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत शिकलेले हे अभियंते नाशिकजवळच्या आपल्या कुटुंबाच्या जमिनीकडे वळले. त्यांनीं कॅलिफोर्नियांतील केरी डॅम्स्की या वाइनतज्ज्ञाचा सल्ला घेतला. गंगापूर धरणाजवळ त्यांनीं उभारलेल्या ‘सुला’ कारखान्याची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली. आईच्या सुलभा या नांवावरून कारखान्यास नांव मिळालें. तेथें २००५ मध्यें पाहुण्यांसाठीं चाखण्याचें दालन उघडलें आणि वाइनची यात्रा ही नवीच गोष्ट नाशिकच्या जुन्या यात्रेशेजारीं सुरू झाली.

सोलापूर जिल्ह्यांतील अकलूजचा कारखाना हा तिसरा प्रकार. इटलींतील सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन कुटुंबांतील भावांनीं तो काढला. म्हणून इटालियन भाषेंतील ‘भाऊ’ या अर्थाचें ‘फ्रातेल्ली’ हें नांव. टस्कनीचे पिएरो मासी हे तेथील वाइनचे कर्ते. त्यांच्यामुळें टस्कनींतील सांजोव्हेसे हें द्राक्ष माळशिरसच्या माळावर रुजलें. महाराष्ट्राबाहेर बंगळूरजवळ नंदीच्या डोंगरपायथ्याशीं कंवल ग्रोव्हर यांनीं बाग लाविली. तो कारखाना २०१२ मध्यें इगतपुरी भागांतील एका कारखान्याशीं जोडला गेला.

या कर्त्या मंडळींचें काम पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांचा निम्मा निर्णय कारखान्यांत नव्हे, बागेंतच होतो. साखर मोजण्यास उपकरण आहे. तरी तोडणीपूर्वीं ते बागेंतून हिंडतात, मणी तोंडांत टाकितात, साल चावून पाहतात, बी दांतांखालीं फोडून ती हिरवी-तुरट आहे कीं तपकिरी-खमंग झाली आहे, हें ठरवितात. मग तोडणीचा दिवस सांगतात. आठ दिवस आधीं तोडलें तर आंबट व कच्चें; आठ दिवस उशीर झाला तर गोड पण निस्तेज.

आतां चाखण्याविषयीं. पेला देठाचा आणि तोंडाशीं निमुळता असतो. तो तिसरा हिस्साच भरतात. प्रथम पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहावयाचा. नंतर पेला हलकेंच फिरवून वास घ्यावयाचा. मग एक घोट तोंडांत सर्वत्र घोळवावयाचा आणि पीकदाणींत थुंकून टाकावयाचा. सकाळपासून तीस-चाळीस नमुने पाहणारा तज्ज्ञ गिळील तर दुपारीं त्याच्या मताला किंमत राहणार नाहीं. पांढरी वाइन थंड, ८ ते १२ अंशांवर देतात. तांबडी ‘घरांतील उष्णतामानावर’ द्यावी असें पुस्तकांत असतें. तें घर युरोपांतील, १६ ते १८ अंशांचें. परभणीचें वैशाखांतील घर नव्हे.

तोंडांत काय शोधावयाचें? आंबटपणा असेल तर लाळ सुटते. तुरटपणा असेल तर हिरडा किंवा कच्ची सुपारी चावल्याप्रमाणें हिरड्या कोरड्या पडतात. मद्यार्क घशांत ऊब देतो. या तिघांत आणि गोडींत कोणी कोणावर कुरघोडी केली नाहीं, तर ती वाइन समतोल. वासाची वर्णनें ऐकून पुष्कळांना हसूं येतें. परंतु तीं सगळींच काल्पनिक नसतात. शिराझच्या वाइनला कित्येकदां काळ्या मिऱ्यांचा वास येतो, कारण रोटुंडोन नांवाचें एकच द्रव्य दोहोंत आहे. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं तें २००८ मध्यें दाखवून दिलें. कॅबर्नेंत भोपळी मिरचीचा भास होतो, त्याचेंहि कारण दोहोंत सांपडणारें एक द्रव्यच आहे.

परभणीकरांस ही विद्या अगदीं अपरिचित वाटूं नये. मार्गशीर्ष-पौषांत शेतांत गोवऱ्यांच्या आगटीभोंवतीं बसून हुरडा खाणारा जाणता शेतकरी गूळभेंडी, सुरती आणि कुचकुची डोळे मिटून ओळखतो. एवढेंच नव्हे, तर तीच गूळभेंडी काळीच्या रानांत एक आणि मुरमाड रानांत दुसरी लागते, हेंहि सांगतो. जात, जमीन, हवा आणि हात या चार गोष्टी चवींत उतरतात, हाच फ्रान्सपासून नाशिकपर्यंतच्या पारख्यांचा सिद्धांत आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नांवास भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे तो याच तत्त्वावर.

मग परभणीस हें द्राक्ष कां नाहीं? नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर, परभणीची सुमारें ४००. नाशिककडे हिवाळ्यांतील रात्री चांगल्याच गार असतात. गारव्यांत मण्यांतील आम्ल टिकतें. उष्ण हवेंत वेल तें श्वसनांत खर्ची घालते आणि साखर वाढूनहि रस सपक होतो. शिवाय खोल काळी जमीन पाणी धरून ठेविते. तिच्यांत वेल पाल्यानें माजते आणि फळाकडे दुर्लक्ष करिते. जी जमीन शाळू ज्वारीला हिवाळाभर साठविलेल्या ओलीवर पोसते, तीच वाइनच्या द्राक्षाला अडचणीची ठरते. हा जमिनीचा दोष नव्हे. तिचा धर्म निराळा आहे.

धर्म ओळखून पीक घेतलें तरी बाजार ओळखावा लागतो, आणि या धंद्याचा खरा धडा तेथेंच आहे. महाराष्ट्र शासनानें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, अबकारी करांत सवलती दिल्या, नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइनसाठीं उद्योगक्षेत्रें आंखलीं. कारखाने भराभर निघाले. शेतकऱ्यांनीं विश्वासानें वेली लाविल्या. २००८ मध्यें जगभर मंदी आली, नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलें ओस पडलीं आणि माल अंगावर राहिला. कित्येक कारखाने बंद पडले; नारायणगांवचा अग्रणी कारखानाहि पुढें आर्थिक अडचणींतून वर आला नाहीं. खाण्याच्या द्राक्षाला नाशकांत भाव नसेल तर दिल्ली आहे, निर्यात आहे, कांहींच नसेल तर बेदाणा आहे. वाइनच्या लहान, बियांच्या द्राक्षाला कारखान्यावांचून दुसरें गिऱ्हाईक नाहीं. कारखान्यानें तोंड फिरविलें तेव्हां शेतकऱ्यांना वेली उपटाव्या लागल्या, किंवा त्याच खुंटावर खाण्याच्या जातीचें कलम करावें लागलें. आज जे टिकले आहेत, ते बहुधा कारखान्याशीं दराचा लेखी करार करून द्राक्ष लावितात.

दुसरी बाजू समाजाची. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमांत मादक पेयांस बंदी घालण्याचा प्रयत्न करावा, असें राज्यास मार्गदर्शन आहे. महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकांत आहे आणि त्याखालीं मद्यपानास परवाना लागतो. जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला; शेतकऱ्याचें हित हें त्याचें कारण सांगितलें गेलें, विरोध झाला आणि तो निर्णय अमलांत आला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें आहे कीं मद्यार्काचें निर्धोक असें कोणतेंच प्रमाण नाहीं. वाइन व्हिस्कीहून सौम्य खरी, पण ती सरबत नव्हे. ज्या घरांत दारूनें संसार बुडालेला पाहिला आहे, त्या घराची शंका अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी नाहीं.

म्हणून गोदेच्या वरच्या अंगाला जाणाऱ्यानें कारखान्याची शोभा पाहावी, तशी बागहि पाहावी. पेल्यांतील रंग दाखविणारे पुष्कळ भेटतील. परंतु पहाटेच्या थंडींत घड तोडणाऱ्या मजुराला रोज किती मिळतो आणि यंदाचा करार कोणत्या दराचा झाला, हेंहि त्याच फेरींत विचारावें. वाइन न चाखतां परतणारा पाहुणासुद्धां हे दोन प्रश्न विचारून आला, तर त्याची यात्रा फुकट गेली असें म्हणतां येणार नाहीं.