बाजू, बाही आणि पानो-बाजू

गोव्यांतील ख्रिस्ती समाजांत 'मांडो' हा नृत्यगीतप्रकार एकोणिसाव्या शतकांत रूढ झाला. त्या वेळीं स्त्रिया जो वेष करतात, त्यास 'पानो-बाजू' म्हणतात. कमरेभोंवतीं गुंडाळावयाचें वस्त्र तो पानो. अंगांत घालावयाचें सैल, जरीकामाचें, बाह्या असलेलें वस्त्र तो बाजू. 'पानो' हा शब्द पोर्तुगीज असून त्याचा अर्थ कापड. मग 'बाजू' कोठला?

मराठी मनुष्यास हा शब्द आपलाच वाटेल. पण मराठींत बाजू म्हणजे कड किंवा पक्ष, वस्त्र नव्हे. वस्त्राचा अर्थ मलायी भाषेंतला आहे. तेथें अंगांत घालावयाच्या कपड्यास आजही 'बाजू'च म्हणतात. 'बाजू कुरुंग' हा तेथील स्त्रियांचा पारंपरिक वेष.

मलायी भाषेनें हा शब्द फारसीकडून घेतला. फारसींत 'बाज़ू' म्हणजे दंड, भुजा. भुजा झांकणारें तें बाजू, असा अर्थ पुढें सरकलेला दिसतो. मूळ अर्थ आपल्याकडे 'बाजूबंद' या दागिन्यांत शिल्लक आहे. फारसी 'बाज़ू' आणि संस्कृत 'बाहु' हीं तर सख्खीं भावंडें होत. संस्कृतांतील 'ह'च्या जागीं प्राचीन इराणींत पुष्कळदां 'ज़' येतो. 'हस्त' तेथें 'ज़स्त' होतो. म्हणजे हडपसरचा शिंपी पोलक्याची 'बाही' मापतो, तेव्हां त्याच कुळांतला शब्द उच्चारतो.

गोव्याचा आणि मलायाचा संबंध जुना आहे. पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें व १५११ मध्यें मलाक्का घेतलें. १६४१ मध्यें डचांनीं तें जिंकीपर्यंत तेथील कारभार गोव्याहून चाले. या वाटेनें माल आला, माणसें आलीं, तसे शब्दही आले. गोमंतकीय पंडित सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनीं १९१९ ते १९२१ या काळांत प्रसिद्ध केलेल्या कोशांत अशा शब्दांचा मोठा संग्रह आहे. मलायी 'कबाया' हाही असाच प्रवासी. त्याचें मूळ अरबी 'कबा', म्हणजे लांब अंगरखा. २०२४ मध्यें युनेस्कोनें पांच देशांचा वारसा म्हणून कबायाची एकत्र नोंद केली.

वेषावरून माणसांत भिंती उभारण्याचे यत्न गोव्यानें पाहिले आहेत. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानानें ख्रिस्ती स्त्रियांना चोळी आणि पुरुषांना धोतर वर्ज्य ठरविलें. परंतु ज्या समाजाचें आपल्या शेजाऱ्यांशीं असलेलें नातें तोडावयाचें होतें, त्याच्याच उत्सवी वेषाच्या नांवांत संस्कृत 'बाहु'चें भावंड नांदत राहिलें. फर्मानें काढणारांची सत्ता गेली. शब्द मात्र टिकला.