ड्रायव्हरवर आळ घेण्याआधी

रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डाला यूएसबीने एखादं उपकरण जोडलं आणि ते चाललं नाही, की पहिला आळ ड्रायव्हरवर येतो. मग मिळेल तो ड्रायव्हर डाउनलोड करा, तो बसेना म्हणून मेमरी कार्ड पुसा, सगळी सिस्टिम नव्याने टाका, यात सुट्टीचे दिवस जातात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे कितीतरी प्रोजेक्ट इथेच रखडतात. बहुतेक वेळा हा प्रकार आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी असा असतो. नेहमीच्या वापरातल्या बहुतेक यूएसबी उपकरणांचे ड्रायव्हर या बोर्डांवर चालणाऱ्या लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आधीपासूनच असतात. शिवाय काय बिनसलं हे बोर्ड स्वतःच नोंदवून ठेवतो. ती नोंद वाचायला मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

यूएसबी १९९६ साली आली, तेव्हापासून तिची जोडणीची पद्धत मुळात तीच आहे. उपकरण जोडलं की बोर्ड त्याला रीसेट करतो, ‘तू कोण’ असं विचारतो, एक पत्ता देतो आणि मग बनवणाऱ्या कंपनीचा व त्या वस्तूचा असे दोन क्रमांक वाचतो. उपकरणाला किती वीज लागेल, हेही याच बोलण्यात ठरतं. ड्रायव्हरचा शोध सुरू होतो तो त्यानंतर. त्याच्या आधीच गाडी अडली असेल, तर जगातला कुठलाही ड्रायव्हर टाकून उपयोग नाही.

गाडी कुठे अडली ते ‘डीमेसेज’ या आज्ञेने कळतं. उपकरण काढून पुन्हा जोडायचं आणि शेवटच्या ओळी पाहायच्या. एकही नवी ओळ आली नाही, तर केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच, आणि अशा केबली घराघरांत पडलेल्या असतात. उणे ७१ किंवा उणे ११० असा एरर क्रमांक दिसला, तर बोर्डाने विचारलं पण उत्तर धड आलं नाही, किंवा वेळेत आलं नाही. अशा वेळी केबल, हब आणि वीज यांच्यावरच आधी संशय घ्यावा. दोन्ही क्रमांक नीट वाचले गेले आणि पुढे शांतता असेल, तरच ड्रायव्हरकडे वळावं.

विजेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त माणसं तिथेच चकतात. २०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायच्या यूएसबी पोर्टांवर १४० मिलिअँपिअरचे फ्यूज होते. कीबोर्ड चालायचा, पण वायफायचा डोंगल जोडला की रडारड सुरू व्हायची. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते फ्यूज गेले, पण मर्यादा उरलीच. पाय ४ च्या चारही पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर न लावता ३ अँपिअरचा लावला, तर तो सगळ्या पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. पोर्टेबल हार्ड डिस्कची तबकडी फिरायला लागतानाच याहून जास्त वीज ओढू शकते. मग डिस्क दिसते, गायब होते, पुन्हा दिसते, आणि आपण ड्रायव्हर शोधत बसतो. बोर्डाकडे येणारा दाब साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला, की लॉगमध्ये ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ अशी ओळ येते. ती दिसली की बाकीचं सगळं सोडून आधी अडॅप्टर बदलावा. मोबाइलचा जुना चार्जर इथे वापरू नये. डिस्कसाठी स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा.

आता एक नमुना जवळून पाहू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त आर्डुइनोवर बहुधा सीएच३४० ही चिप असते. तिचा क्रमांक १ए८६:७५२३. पायवर उबुंटू २२.०४ टाकून हा आर्डुइनो जोडला, की लॉगमध्ये ‘टीटीवायूएसबी०’ हे पोर्ट मिळाल्याची ओळ दिसते आणि लगेच पोर्ट सुटल्याची. ड्रायव्हरने आपलं काम चोख केलेलं असतं. ‘बीआरएलटीटीवाय’ नावाचा प्रोग्राम मध्ये शिरतो. तो अंधांच्या ब्रेल पट्टीसाठी आहे. काही ब्रेल उपकरणांचा क्रमांकही हाच असल्याने तो आर्डुइनोला ब्रेल पट्टी समजतो आणि पोर्ट ताब्यात घेतो. पुष्कळ जण हा प्रोग्रामच काढून टाका असं सांगतात. स्वतःच्या बोर्डावर तसं करायला हरकत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र करू नये. एखाद्या अंध विद्यार्थ्याचा संगणक या प्रोग्रामच्याच भरवशावर चालत असतो. त्या प्रोग्रामच्या नियमांच्या फाइलमधली आर्डुइनोच्या क्रमांकाची तेवढी एक ओळ बंद केली, की दोघांचंही काम भागतं; फक्त त्या विद्यार्थ्याची ब्रेल पट्टी त्याच क्रमांकाची नसावी.

पोर्ट टिकतंय पण उघडत नाही, तर बहुधा परवानगी नसते. वापरणाऱ्याचं नाव ‘डायलआउट’ गटात घालून पुन्हा लॉगइन केलं की झालं. ४जी डोंगल नुसताच सीडी ड्राइव्ह म्हणून दिसत असेल, तर त्याच्या पोटातला विंडोजचा सेटअप समोर आलेला असतो. ‘यूएसबी मोडस्विच’ हा प्रोग्राम त्याला मोडेम करतो.

खरोखर ड्रायव्हरचीच चूक असते ती मुख्यतः वायफाय डोंगलांच्या बाबतीत. रियलटेकच्या काही चिपचे ड्रायव्हर बरीच वर्षं कर्नलबाहेर होते आणि हाताने बांधावे लागत. असा ड्रायव्हर एका विशिष्ट कर्नलसाठीच बांधलेला असतो. सिस्टिम अपडेट झाली, कर्नल बदलला, की काल चालणारं वायफाय आज बंद. ‘डीकेएमएस’ हे साधन वापरलं तर नव्या कर्नलबरोबर तो आपोआप पुन्हा बांधला जातो, पण त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाइली बोर्डावर असाव्या लागतात, आणि नव्या कर्नलशी न जुळणारा जुना कोड तरीही अडतोच. त्यामुळे डोंगल घेतानाच आत कोणती चिप आहे ते दुकानदाराला विचारा. खोक्यावरच्या मॉडेलच्या नावावर विसंबू नका. तेच नाव ठेवून पुढच्या आवृत्तीत चिप बदललेली असू शकते. दुकानात लॅपटॉपवर लिनक्स असेल, तर डोंगल जोडून ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने क्रमांक पाहून मगच पैसे द्या.