जिम्नीची काच आणि रोलबॅक प्लॅन



हामामात्सुत जून लागला की 'त्सुयु' सुरू होतो. आपल्या मृगासारखा धो धो नाही, पण दिवसचे दिवस नुसती पिरपिर. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी जिम्नीचं दार उघडलं, तर डावीकडच्या सीटपुढे मॅटवर चक्क तळं! समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी डॅशबोर्डमागे उतरत होतं.

गाडीची ओळख करून देतो. सुझुकी जिम्नी, एसजे-३०, १९८६ सालची. तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे सुरू केली की आपल्याकडच्या जुन्या रिक्षाची आठवण येते. आपल्याकडे १९८५ साली आलेली मारुती जिप्सी ही हिच्याच घराण्यातली. सुझुकीचं मुख्यालय याच गावात, तेव्हा इथे राहून जिम्नी नाही घेतली तर काय केलं, असा माझा युक्तिवाद होता. बायकोला तो अजून पटलेला नाही. असो.

तर गळती. मी शनिवारी होमसेंटरला गेलो आणि काही शे येनची सिलिकॉनची नळी आणली. पुण्याच्या घरी बाथरूमला तेच वापरलं होतं, मग इथे का नको? काचेभोवतीच्या रबरावर बाहेरून जाडजूड थर दिला. व्हिनेगरसारखा वास दोन दिवस राहिला, गळती थांबली, आणि मी स्वतःवर खूश झालो.

पुढच्या त्सुयुत पाणी परत आलं. एका रात्री तर भर पावसात वायपरच थांबले. मागे ट्रक, पुढे काही दिसत नाही, शेजारी बायको. कशीबशी गाडी कडेला घेतली. त्या रात्री घरी कोणी कोणाशी फारसं बोललं नाही.

त्यातच सांगलीहून बाबा येणार असल्याचं ठरलं. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, जीपमधून कालव्यांवर फिरण्यात गेली. फोनवर पहिला प्रश्न, "तुझ्या त्या जीपमधून फिरवणार ना?" म्हणजे आता काच नीट बसवणं भाग होतं.

या वेळी मी दुसऱ्या टोकाला गेलो. हल्लीच्या गाड्यांच्या काचा ज्याने चिकटवतात ते पॉलियुरेथेन आणायचं ठरवलं. सगळ्यात मजबूत तेच ना! पण आधी काच काढायला मदत हवी म्हणून जवळच्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो. सत्तरीचे आजोबा एकटेच चालवतात. त्यांनी माझा बेत शांतपणे ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं, "त्सुगी, दो यात्ते हाझुसु नो?" म्हणजे, पुढच्या वेळी काढणार कशी?

मंडळी, मी रोज ऑफिसात दुसऱ्यांना विचारतो, रोलबॅक प्लॅन काय? आणि स्वतःच्या गाडीवर मी रोलबॅकशिवाय पॅच मारत होतो!

मग त्यांच्याकडून शिकलेलं थोडक्यात सांगतो. काच बसवण्याचे दोन प्रकार. नव्या गाड्यांत काच थेट पत्र्याला चिकटवलेली असते. ती बॉडीच्या मजबुतीचा भाग असते, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना तिच्यावर रेटा देते. तिथे पॉलियुरेथेनच हवं. पण त्याला उन्हातली अतिनील किरणं सोसत नाहीत, म्हणून त्या काचांच्या कडेला काळा पट्टा असतो. जुन्या जिम्नीत काच रबरी बिडिंगमध्ये बसते, बिडिंग पत्र्याच्या कडेवर. काचेला धरतं ते बिडिंग. सीलंटचं काम फक्त फटीतून पाणी येऊ न देणं. तिथे मजबूत गोंद लावला तर उद्या काच काढताना बिडिंग फाटणार आणि काचही फुटू शकते.

आणि माझं सिलिकॉन? व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. उघड्या लोखंडाला ते गंज चढवतं. वास न येणारं न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन त्या बाबतीत बरं, पण एक दोष दोघांचा सारखा. त्याचा पातळसा अंश जरी पत्र्यावर राहिला तरी त्यावर रंग धरत नाही आणि दुसरं सीलंटही नीट चिकटत नाही. जपानी दुकानांत 'हेन्सेई सिलिकॉन' नावाचा तिसरा प्रकार मिळतो. त्याच्यावर रंग बसतो, घरकामाला उत्तम, पण तोही घट्ट होऊन चिकटून बसतो.

काच काढल्यावर माझी करामत दिसली. बिडिंगला कोपऱ्यात चीर होती, तिथून पाणी आत शिरत होतं. बाहेर जायची वाट मी बुजवून टाकलेली. खालच्या कडेचा पत्रा बोटाने दाबला तर भोकच पडलं. तेच पाणी वायपरच्या वायरिंगवर पडत होतं.

मग उत्तर काय? ब्युटाइल. सायकलची ट्यूब बनते ते रबर, पण इथे न वाळणाऱ्या, मऊ लगद्याच्या रूपात. गाडी हलली, काच तापली-निवली तरी ते सोबत ताणलं जातं, आणि वर्षांनंतरही काच काढता येते. हाताला, शर्टाला चिकटतं खरं, पण रॉकेलच्या बोळ्याने पुसलं की निघतं.

पण सीलंटचा नंबर सगळ्यात शेवटी. आधी सिलिकॉनचा कण न् कण खरवडला, त्यालाच दोन रविवार गेले. मग गंजका भाग कापून आजोबांनी नवा पत्रा वेल्ड केला, प्रायमर आणि रंग. नवं बिडिंग काचेवर चढवलं, त्याच्या खाचेत सुतळी फिरवून दोन्ही टोकं खाली मधोमध आणली. साबणाचं पाणी लावलं, तेल अजिबात नाही, तेलाने हे रबर फुगतं. बाहेरून मी तळव्यांनी काच दाबली, आतून आजोबांनी सुतळी हळूहळू ओढली आणि बिडिंगची कड पत्र्यावर सरकत बसली. साबणाचं पाणी पूर्ण वाळल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने कड उचलून ब्युटाइल आत भरलं. तेही थोडंच.

बाबा आल्यावर दुसऱ्याच दिवशी चाचणी घेतली. बाबा टॉर्च घेऊन आत, मी पाइप घेऊन बाहेर. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचं, म्हणजे गळलंच तर नेमकं कुठून ते कळतं. दहा मिनिटं झाली. आतून आवाज नाही. मी घाबरून दार उघडलं.

"कोरडं ठक्क," बाबा म्हणाले. "आमच्या खात्याच्या जीपमध्ये पावसात छत्री उघडून बसायचो रे. ही कसली जीप?"

दुपारी पाऊस लागला, तरी हामाना तळ्याला जाऊन आलो. बाबा पुढे, बायको मागे. येताना तिने पुढे वाकून काचेच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. काही बोलली नाही, पण परवा जपानी ड्रायव्हिंग लायसन्सची चौकशी करत होती.

कुणाकडे जुनी जिम्नी, जिप्सी किंवा जीप असेल तर नळी विकत घेण्याआधी काच बिडिंगमध्ये आहे की चिकटवलेली, हे बघा. आणि आजोबांचा प्रश्न स्वतःला विचारा.