भट्टीवर जाण्याआधी विचारायचा प्रश्न

दिवाळी उरकली की कर्जत-खालापूरमधल्या कातकरी वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. भातकापणी संपलेली असते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच पोटात गेलेली असते. ती फेडायला कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातं, ते पुढचा पाऊस तोंडावर आल्यावरच परततं. या निघालेल्यांत दिवस गेलेल्या बायाही असतात. कार्तिकात जिला तिसरा-चौथा महिना असतो, तिचे दिवस भट्टीवरच भरतात. काहींचे तर भरायच्या आधीच संपतात.

निघण्यापूर्वी उपकेंद्रात तिचं वजन होतं, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन कार्डावर लिहिलं जातं, लोहाच्या गोळ्या मिळतात. हे सगळं हवंच. पण अंगावरून पांढरं जातं का, त्याला वास येतो का, खाज सुटते का, लघवीला जळजळ होते का, हे फार क्वचित कोणी विचारतं. तीही आपणहून सांगत नाही. ‘बाईच्या जातीला हे असायचंच,’ असं आईनं सांगितलेलं असतं, सासूनंही.

हे मौन किती खोल आहे, ते महाराष्ट्राला गडचिरोलीनं दाखवलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास आला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता, सरासरी दर बाईमागे ३.६ आजार. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आजारांपैकी जवळपास निम्मे जंतुसंसर्गाचे होते. गावातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच तोवर जगभर धरलं जात होतं. सह्याद्रीच्या या बाजूला, खांडसपासून माथेरानच्या उतारावरच्या वाड्यांपर्यंत, तोच प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे असं मला ठामपणे वाटतं.

गरोदरपणात या प्रश्नाचं मोल वाढतं. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू वस्तीला असतात. ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात इतर जंतूंना वाढता येत नाही. ही वस्ती उठली आणि दुसरे जिवाणू माजले, की बॅक्टेरियल व्हजायनोसिस होतो. पातळ, करडट-पांढरा स्राव आणि मासळीसारखा वास ही त्याची खूण, पण निम्म्याच्या आसपास बायकांना काहीच जाणवत नाही. जंतू गर्भाशयाच्या मुखातून वर सरकले, तर बाळाभोवतीच्या आवरणांना सूज येते. त्या सुजेतून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. कळा सुरू करणारी द्रव्यं हीच. मग सातव्या महिन्यात कळा येतात, किंवा कळांआधीच पाणमोट फुटते. ट्रायकोमोनास, क्लॅमिडिया, गनोरिया यांचाही अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी संबंध दिसतो. सिफिलिस तर थेट बाळापर्यंत पोचतो.

३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यातली ३० लाखांवर भारतातली. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, ही समजूत आपल्याकडे अजून आहे. ती चूक आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाची फुप्फुसं पक्की करतो.

मग प्रत्येक गरोदर बाईला प्रतिजैविकं देऊन टाकावीत का? इतकं सोपं असतं तर बरं झालं असतं. अमेरिकेत २००० साली आणि फ्रान्समध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत, त्रास नसलेल्या बायकांचा व्हजायनोसिस औषधानं बरा करूनही मुदतपूर्व बाळंतपणं कमी झाली नाहीत. पाणमोट शाबूत असताना नुसत्या लवकर आलेल्या कळांवर प्रतिजैविकं दिली, तर फायदा होत नाहीच. ब्रिटनमधल्या पाहणीत सात वर्षांनी अशा आयांच्या मुलांत सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण थोडं जास्तच आढळलं. उलट व्हिएन्नाच्या परिसरात ४,४०० वर बायकांची चौथ्या-पाचव्या महिन्यात तपासणी करून, ज्यांना संसर्ग सापडला त्यांनाच नेमके उपचार दिले, तेव्हा त्या गटात मुदतपूर्व बाळंतपणं ३ टक्के झाली, तुलनेच्या गटात ५.३ टक्के. हा अभ्यास २००४चा. सगळ्यांना सरसकट औषध नको. आधी विचारणं, मग तपासणं आणि सापडेल त्यावरच उपचार, हा धडा मला त्यातून दिसतो.

आपल्या उपकेंद्रांना झेपेल असंही त्यात पुष्कळ आहे. लघवीची तपासणी साधी असते. त्रास नसतानाही लघवीत जंतू असले, तर गरोदरपणात त्यावर उपचार करतात, कारण ते मूत्रपिंडापर्यंत गेले की आईला ताप भरतो आणि कळाही लवकर येऊ शकतात. सिफिलिसची चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते आणि वेळेवर दिलेलं पेनिसिलिन बाळालाही वाचवतं. लैंगिक संबंधातून आलेल्या संसर्गावर नवऱ्यानंही उपचार घ्यावेच लागतात, नाहीतर तो परत येतो. हे नवऱ्याला सांगणं अवघड असतं, आणि तो भार एकट्या बाईवर टाकणं अन्याय आहे. ते डॉक्टरांनी किंवा सिस्टरनं सांगावं.

गरोदरपणात थोडं पांढरं जास्त जाणं स्वाभाविक आहे. वास, खाज, जळजळ, पिवळा-हिरवा रंग किंवा रक्त दिसलं, तर दाखवायला हवं. साबणानं वा डेटॉलनं आतून धुणं घातक आहे, त्यानं राखण करणारे जिवाणूच मरतात. मेडिकलमधून परस्पर आणलेला गोळ्यांचा संचही नको. त्यातली बुरशीवरची फ्लुकोनॅझोल गरोदरपणात टाळतात. त्याऐवजी योनीत ठेवायची औषधं असतात. आणि ज्या बाईला वाडीतून पाण्यासाठी चालावं लागतं, भट्टीवर आडोसा मिळत नाही, तिला स्वच्छतेचं व्याख्यान देऊ नये. व्हजायनोसिस घाणेरडेपणाची शिक्षा नव्हे.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६पासून ही सोय आहे. भट्टीवर निघण्याआधीची एक ९ तारीख प्रत्येक गरोदर बाईनं गाठावी, आणि तिथे पडद्याआड, सासू-नवरा बाहेर बसवून, तिला हे चार प्रश्न विचारले जावेत. त्याच वेळी धोक्याच्या खुणाही सांगाव्यात: पाणी जाणं, रक्त जाणं, ताप, दिवस भरण्याआधी ठरावीक अंतरानं पोट आवळणं. अशा वेळी थांबायचं नाही, १०८ला फोन करायचा. ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण होणार असं दिसलं, तर आईला दिलेलं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन बाळाची फुप्फुसं तयार करतं. केंद्र सरकारनं २०१४मध्येच त्याचा पहिला डोस मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी एएनएमलाही देण्याची मुभा दिली आहे. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय असो की भट्टीजवळचं दुसऱ्या तालुक्यातलं आरोग्य केंद्र, ती पोचेपर्यंतचे तास त्यामुळे वाया जात नाहीत.

भट्टीच्या गावातल्या आशाताईच्या यादीत या बाईचं नाव नसतं. म्हणून कार्ड तिच्या गाठोड्यात जायला हवं, आणि त्यावर संसर्गाची नोंद, दिलेलं औषध आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली हवी. वाडीतल्या आशाताईनं मुकादमाकडून भट्टीचं गाव विचारून तिथल्या आशाताईला एक फोन केला, तर पाचव्या महिन्यात विचारलेला प्रश्न सातव्या महिन्यात पुन्हा विचारता येतो.